ठेका नसलेलं गाणं

आमच्या देऊळगाव राजात गाणं म्हटलं की आधी ठेका. शब्द विसरला तर बाजूचा सांगतो, सूर वरखाली झाला तर चारचौघांत खपून जातो. पण टाळ चुकला की समोरचा टाळकरी डोळ्यांनीच हिशेब मागतो. बालाजी महाराजांचं गाव, त्यात तालुक्यातलं मेहुणा राजा म्हणजे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव. त्यामुळे अभंग इथं कुणी बसवून शिकवत नाही, कानावर पडत पडतच तो पाठ होतो. अशा गावात भजनी मंडळाच्या पेटीवाल्यानं, म्हणजे मी, निवृत्तीनंतर एकदम ग्रेगोरियन गानाचा नाद लावून घेतला, तेव्हा मंडळींनी ‘पेन्शन वेळेवर मिळत असेल’ एवढाच निष्कर्ष काढला.

याला कारण वसईच्या एक बाई. आमच्याच शाळेत त्या आयुष्यभर शिकवत राहिल्या आणि गावानं त्यांचं नाव ‘वसईच्या बाई’ असं कायम करून टाकलं. उत्तरपत्रिका तपासताना त्या काहीतरी गुणगुणायच्या. ते ना अभंग होतं, ना भावगीत, ना नाताळची गाणी. एकदा विचारलंच. म्हणाल्या, “तांतुम एर्गो आहे सर. आमचे बाबा आराधनेला म्हणायचे. लॅटिन.” “अर्थ काय?” “अर्थ फादरना ठाऊक. बाबांना चाल ठाऊक होती.” मला हे उत्तर फार पटलं. काकड्याला येणाऱ्या निम्म्या मंडळींची अवस्था याहून वेगळी नसते आणि त्यांच्या भक्तीत त्यानं काडीचाही फरक पडत नाही.

तर हे गान म्हणजे कॅथलिक चर्चच्या मिस्सेतलं, म्हणजे वेदीपुढच्या उपासनेतलं, आणि मठांतल्या रोजच्या प्रार्थनेतलं जुनं लॅटिन गाणं. एकच सुरावट, सगळ्यांनी मिळून म्हणायची. खाली तंबोरा नाही, बाजूला पेटी नाही, दुसऱ्या पट्टीतली साथ नाही. शब्द बहुतेक बायबलातल्या स्तोत्रांचे. आणि ताल नाही. शब्दाला जिथं वजन, तिथं गाण्याला वजन. वाक्य संपलं की श्वास.

आमच्या तबलजींना मी हे मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोट धरलं, बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग म्हणाले, “भाऊ, समेवर कुठं यायचं तेवढं सांगा, बाकीचं मी पाहतो.” म्हटलं, सम नाहीच. “मग हे लोक थांबतात कुठं?” प्रश्न बिनतोड होता. म्हटलं, श्वास संपला की. तबलजींनी माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं आणि हातोडी पिशवीत टाकून ते घरी गेले.

ग्रेगोरियन हे नाव पोप पहिले ग्रेगरी यांच्यावरून पडलं. ते इसवी सन ५९० ते ६०४ या काळात पोप होते. कबुतराच्या रूपानं पवित्र आत्मा त्यांच्या खांद्यावर बसून कानात चाली सांगे आणि लेखनिक त्या उतरून घेई, अशी कथा आहे, चित्रंही आहेत. अभ्यासक सांगतात की हे गान आज ज्या रूपात आहे ते रूप त्याला ग्रेगरींच्या दीडदोनशे वर्षांनंतर, आठव्या-नवव्या शतकात, आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या मुलखात आलं. रोमच्या चाली आणि तिथल्या चाली एकमेकांत मिसळल्या आणि मोठ्या माणसाचं नाव लागलं. यात मला काही गैर वाटत नाही. आपल्याकडं दगडाचं प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंती असतंच की.

बाईंनी वसईहून एका जुन्या पुस्तकाच्या पानांची झेरॉक्स मागवून दिली. पाहिली आणि वाटलं, मशीनच बिघडलं असावं. पाच रेघांचं इंग्रजी नोटेशन शाळेच्या बँडमुळे थोडंफार पाहिलेलं होतं. इथं रेघा चारच, आणि त्यांवर गोल ठिपक्यांच्या जागी काळे चौकोन. काही एकटे, काही एकमेकांच्या डोक्यावर चढलेले, काही तिरके घसरलेले. एके ठिकाणी मधला चौकोन करवतीच्या दात्यांसारखा कातरलेला. त्याला म्हणतात क्विलिस्मा. तो नेमका कसा म्हणायचा यावर जाणकारांचं आजही एकमत नाही, हे कळल्यावर मला मोठा धीर आला. दोन चौकोन एकावर एक असतील तर आधी खालचा म्हणायचा, मग वरचा. रेघांच्या सुरुवातीला एक छोटी खूण असते, ती सांगते की ‘दो’ कुठल्या रेघेवर आहे. ही खूण गाण्यागणिक जागा बदलते, म्हणजे पट्टी पक्की नाही. ज्याच्या गळ्याला जो षड्ज मानवेल तो त्यानं धरावा. इथं मात्र मी एकदम घरी आल्यासारखा झालो. आमच्याकडं तरी काळी चार आणि काळी पाचच्या भांडणापलीकडं काय असतं?

या चार रेघांचं श्रेय इटलीतल्या आरेझ्झोच्या ग्विदो नावाच्या साधूला देतात. हजार वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या आधी चाली गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात. लिहीत ते नुसत्या खुणा, ज्यांवरून आवाज वर जातो की खाली एवढंच कळे, किती ते कळत नसे. मुलांची दहा-दहा वर्षं पाठांतरात जातात आणि तरीही ती स्वतःच्या बळावर एक नवी चाल म्हणू शकत नाहीत, ही ग्विदोची तक्रार होती. त्यानं संत योहानाच्या एका स्तोत्राचा आधार घेतला. शेवटची सोडली तर त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका सुरानं वर सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन त्यानं उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी सुरांना नावं दिली, आणि आपली पोरं वर्षा-दोन वर्षांत तयार होतात असं सांगून टाकलं. मठातल्या जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. कुठल्या शाळेत रुचतं?

मी त्या चौकोनांवर पेन्सिलीनं सारेगम लिहून काढलं, आणि मग खरी गंमत सुरू झाली. या गाण्यांचे आठ ‘मोड’ आहेत. राग नव्हेत, पण थाटाच्या जवळ जातात. पहिल्या मोडचे सूर मांडले की काफी निघतो. सातव्यातून खमाज. पाचव्यात तीव्र मध्यम, म्हणजे कल्याण, पण गाताना ती मंडळी बऱ्याचदा तो मध्यम उतरवून घेतात आणि बिलावल होऊन बसतो. तिसऱ्या मोडचा ‘मी’ षड्ज धरला तर रे, ग, ध, नी चारही कोमल. आमची रोजची भैरवी! बाईंच्या वडिलांचं तांतुम एर्गो हा ज्या मोठ्या स्तोत्राचा शेवटचा भाग, ते संत थॉमस अक्वायनसांचं ‘पांजे लिंग्वा’. पवित्र गुरुवारी रात्री ते म्हणतात, आणि त्याची मूळ चाल या तिसऱ्या मोडमध्ये आहे. पेटीवर वाजवून पाहिलं. सूर भैरवीचे, पण भैरवी काही होईना. चाल पुन्हा पुन्हा कोमल धैवतावर जाऊन उभी राहते, तिथंच मुक्काम करते, आणि षड्जावर येते तीही गाव सोडायची घाई असल्यासारखी नाही, सावकाश. आपण भैरवीनं मैफल संपवतो. ही त्यांची भैरवी येशूच्या दुःखाची रात्र सुरू करते. बायको आतून म्हणाली, “आज सकाळी सकाळी भैरवी?” म्हटलं, ही वेगळी. म्हणाली, “तेच म्हटलं, चुकतंय कुठं तरी.”

आता कुणी म्हणेल, देऊळगाव राजाचा आणि याचा संबंध काय? कॅथलिक चर्चच्या हिशेबात आमचा बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो आणि पलीकडचा जालना औरंगाबाद धर्मप्रांतात. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याची शीव आमचा पिच्छा तिथंही सोडत नाही. या भागातलं बरंचसं ख्रिस्ती गाणं मराठी वळणाचं. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री प्रॉटेस्टंट. नगरकडचे कृष्णराव सांगळे आणि पुढं नारायण वामन टिळक यांच्यामुळे ख्रिस्ती कीर्तन आणि भजन मराठवाड्याच्या खेड्यांत पोचलं. तिथल्या उपासनेत पेटी-तबला आहे, झांजा आहेत, आमचे तबलजी तिथं सुखानं बसतील.

कॅथलिकांचा मामला वेगळा होता. आल्प्सच्या पायथ्याच्या ॲनसी गावाहून निघालेल्या मिशनरी संघाचे फादर एकोणिसाव्या शतकात नागपूरकडं आले, पुढं मराठवाड्यात उतरले. घोगरगावच्या फादर गुरियन जाकिये यांचं नाव तिथले हिंदू शेतकरीही अजून आदरानं घेतात. हे फादर लोकांशी मराठी बोलत, त्यांच्या शेताच्या नि सावकाराच्या कटकटीत पडत. पण वेदीपुढं उभे राहिले की मिस्सा लॅटिनमध्येच, कारण जगभर नियमच तो होता. ज्वारीच्या मुलखात, दुष्काळाच्या सालातही, ‘कीरिये’, म्हणजे ‘हे प्रभू, दया कर’, म्हटलं जात होतं. मला या दृश्याचं फार अप्रूप वाटतं.

आणि गोव्याचं तर विचारूच नका. सोळाव्या शतकापासून तिथं चर्चला जोडून शाळा निघाल्या आणि त्यांत पोरांना धर्मशिक्षणाबरोबर सूर वाचायला नि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोरगं पुढं मिस्सेत गाईल हा हेतू. त्यांतली किती तरी पोरं पुढं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली, कारण लिहिलेलं वाचून वाजवणारी माणसं तिथं हवीच होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच. वडील चर्चचे गायनमास्तर. प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडी गुरूचं नाव देऊन मोकळे झाले. त्या वर्षी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात प्रत्येक लग्नाच्या बँडनं चर्चच्या गायनशाळेचं ऋण असं नकळत फेडलं. गोव्यात वाटेवरच्या क्रुसासमोर गावकरी जमून लदीन नावाची प्रार्थना म्हणतात, त्यातलं लॅटिन अजून पुरतं गेलेलं नाही. त्या चाली ग्रेगोरियन नव्हेत, दोन-तीन आवाजांत गायच्या, व्हायोलिनसकट. पण शिकण्याची रीत तीच, म्हाताऱ्यांच्या शेजारी उभं राहून.

मराठीपुरतं बोलायचं तर इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. म्हणजे वेदीवर लॅटिन आणि लोकांपुढं ओवी, अशी दोन गाणी एकाच छपराखाली शेकडो वर्षं नांदली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा मराठी फौजांबरोबर निघाल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. घंटा धातूच्या, उचलून नेता आल्या. चालीचं तसं नसतं. ती गळ्यात राहते आणि गळा जिथं जाईल तिथंच जाते.

मग वसईतल्या त्या चाली गेल्या कुठं? बाईंचं मत असं की त्यांना कुणी हाकललं नाही, त्या पाहुण्यासारख्या उठून गेल्या. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली. उपासनेबद्दलचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्यानं लोकभाषेला दार उघडलं आणि मराठी मिस्सा सुरू झाली. झालं ते चांगलंच झालं. देवाशी मातृभाषेत बोलायला मिळालं. पण त्याच दस्तऐवजाच्या ११६ व्या कलमात असंही म्हटलंय की इतर गोष्टी समान असतील तर ग्रेगोरियन गानाला पहिलं स्थान द्यावं, आणि ५४ वं कलम सांगतं की लोकांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यायला हवेत. ही दोन कलमं फार कुणी वाचली नसावीत. सरकारी परिपत्रकांचा माझा अनुभव जमेस धरता मला यात नवल वाटत नाही. १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी सोप्या चालींची एक लहानशी पुस्तिका काढून जगभरच्या बिशपांना पाठवली. तिचं नाव ‘युबिलाते देओ’. एवढं तरी सगळ्यांना येऊ द्या, असा हेतू. तीही बऱ्याच कपाटांत सुखरूप आहे.

जुनं गाणं हरवणं आणि सापडणं हे त्यांच्याकडं नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात ते इतकं बिघडलं होतं की फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या साधूंना युरोपभरच्या ग्रंथालयांतली हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून एकेक सूर तपासावा लागला. मठ १८३३ साली दों गेरांजे यांनी पुन्हा उभा केलेला. पुढं फ्रान्सच्या सरकारी कायद्यांमुळे साधूंना देश सोडावा लागला, तर काम घेऊन ते इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर जाऊन बसले. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की हे गान फक्त गायकमंडळींचं नको, सगळ्या लोकांच्या तोंडी हवं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत शहाणं वाक्य ते. १९९४ साली स्पेनमधल्या सिलोस मठाच्या साधूंची एक ध्वनिमुद्रिका लाखांनी खपली, ताणतणावावर उतारा म्हणून. लोकांनी ती गाडीत लावली, कपडे इस्त्री करताना लावली. त्यातून तोंडी कुणाच्याच काही आलं नाही. आपल्याकडं दाताच्या दवाखान्यात बासरी लावतात, तिच्यामुळे कुणी बासरी शिकल्याचं ऐकिवात नाही.

अलीकडं या गानाला आणखी एक उपद्रव झालाय. लॅटिन म्हणणारा तो जुन्या मताचा आणि मराठी म्हणणारा तो नव्या मताचा, असे शिक्के बसतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली जुन्या पद्धतीच्या मिस्सेला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती आवळली, आणि या ओढाताणीत बिचारी चाल फुकट भरडली जाते. तिला कुठल्याही मिस्सेत म्हणता येतं. मराठी मिस्सेत छोटंसं ‘कीरिये’ लॅटिन चालीत आलं तर काय आभाळ कोसळणार आहे? ते शब्द तर लॅटिनही नव्हेत, ग्रीक आहेत.

माझं भांडण दुसऱ्याशीच आहे: चर्चमध्ये शिरलेल्या कीबोर्डाशी. बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की गिटार, तिसरं दाबलं की टाळ्या. बाई सुट्टीत वसईला जाऊन आल्या की हेच सांगतात आणि मी आमच्या सप्ताहाचं तेच सांगतो. आमच्याकडंही आता कलाकार बाहेरून येतात, माइक चार जणांकडं, कर्णे देवळाच्या चारी कोपऱ्यांना, आणि बाकीचं गाव मांडी घालून ऐकतं. पूर्वी जे गात होते ते आता श्रोते झालेत. ऐकणाऱ्यांना चाल पाठ होत नाही, हे मी शाळेत जन्मभर पाहिलंय. अंधेरीला ज्ञान आश्रम काढणारे जर्मन फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी तर परिषदेच्याही आधीपासून भारतीय रागांत भजनं बांधली. त्यांचा मार्ग वेगळा, पण अपेक्षा एकच की समोरच्यानं तोंड उघडावं.

म्हणून कुणी ग्रेगोरियन गान पुन्हा आणायचं म्हणत असेल तर त्यानं कृपा करून मैफल ठेवू नये. झगे शिवू नयेत, निमंत्रणपत्रिका छापू नयेत. रविवारच्या मिस्सेआधी दहा मिनिटं जमलेल्या लोकांना एकच ओळ म्हणायला लावावी. ‘युबिलाते देओ’तली सोळाव्या क्रमांकाची ‘कीरिये’ अगदी आवाक्यातली. मला येते म्हणजे कुणालाही यावी. पुढच्या रविवारी तीच ओळ. त्याच्याही पुढच्या रविवारी तीच. कीबोर्ड बंद. पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्या आधी उचलतील, कारण लहानपणी त्यांनी ती ऐकलेली असेल. मग त्यांच्या नाती.

दोन बाजूंना दोन रांगा करून आळीपाळीनं स्तोत्र म्हणण्याची मठांची पद्धत मी आमच्या मंडळात करून पाहिली, अर्थात अभंगावर. टाळकरी समोरासमोर उभे असतातच. एक ओळ या रांगेनं, एक त्या रांगेनं, टाळ खाली ठेवून, पेटी बंद. पहिल्या ओळीला सगळे ओशाळले. आपलाच आवाज ऐकायची कुणाला सवय नव्हती. पण आवाज न लावता सुटका नाही म्हटल्यावर कधीच न गाणारे आमचे खजिनदारही गायले, आणि बऱ्यापैकी सुरात गायले. तबलजी भिंतीला टेकून बसले होते. शेवटी म्हणाले, “श्वास बरोबर सुटला तुमचा.” त्यांच्या तोंडून ही दाद मिळवायला लोकांची हयात जाते.

लॅटिन मिस्सेत लहानपणी गायलेली पिढी आता सत्तरीच्या पुढं आहे. वसई, गोवा, मुंबई, नागपूर, घोगरगाव, कुठंही तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मोबाइल काढून त्यांचं रेकॉर्डिंग करण्याआधी त्यांच्या शेजारी बसा आणि एक चाल शिकून घ्या. रेकॉर्डिंग नंतर करता येईल.